वटहुकुमांचा वारसा

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘जर्मनीच्या घटनेचे ४८ वे कलम’ असे सांगितले. त्यांचा चेहरा किंचित पडला. युनियनचा माणूस म्हणजे तो बोनस, महागाई आणि कंत्राटी कामगार यांवर बोलणार, अशी त्यांची अपेक्षा असावी, आणि ती वाजवीच होती. परंतु बोनस मागण्यासाठी आधी सभा भरवता आली पाहिजे, वर्गणी जमवता आली पाहिजे आणि पुढारी तुरुंगाबाहेर असला पाहिजे. या तिन्ही गोष्टी ज्या कागदावर अवलंबून असतात त्या कागदाची ही हकीगत आहे. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर युनियनच्या कचेरीत बसून वाचले. तेव्हा विद्वानांना यात काही उणे दिसले, तर त्यांनी ते जरूर दाखवून द्यावे.

आरंभ मात्र घरापासूनच करतो. वीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात टाळेबंदी झाली. कारखान्याचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. टाळेबंदी लांबत गेली, माणसे गावोगाव पांगली, कार्यकारिणीची गणसंख्या भरेना. वकिलाचे पैसे द्यायचे तर तीन सह्या लागत, आणि तिघांपैकी एक जण गावी भातलावणीला गेलेला. तेव्हा एका गेटसभेत ठराव झाला की, करार करणे, निधी खर्च करणे आणि शिस्त मोडणाऱ्या सभासदास काढून टाकणे हे सर्व अधिकार ‘पुढील निर्णय होईपर्यंत’ सरचिटणिसांकडे राहावेत. सरचिटणीस म्हणजे सोन्यासारखा माणूस. त्यांनी एका रुपयाचाही हिशेब बाकी ठेवला नाही. टाळेबंदी उठली, गुलाल उधळला गेला, पेढे वाटले गेले. ठराव रद्द करण्याचे मात्र कोणाच्याही ध्यानात आले नाही. पुढे तीन वर्षांनी ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी जो आला त्याने त्याच ठरावाच्या बळावर, सभा न बोलावता, दोन खात्यांचे काम कंत्राटदाराकडे देणाऱ्या करारावर सही केली, आणि हिशेब मागणाऱ्या दोघांना सभासदत्वावरून दूर केले. आम्ही संतापाने ठरावांची वही उघडली. ठराव आमच्याच अक्षरात होता. सूचक म्हणून खाली नावही आमचेच होते.

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. आम्ही ती शंभरदा सभांतून वापरली असेल. पण त्या दिवशी वहीसमोर बसून असताना तिचा अर्थ प्रथमच नीट कळला. जर्मनीचा इतिहास आम्ही वाचायला घेतला तो त्यानंतर, आणि वाचता वाचता असे वाटू लागले की ही आपलीच ठरावाची वही आहे, फक्त ती फार मोठ्या अक्षरात लिहिलेली आहे.

पहिल्या महायुद्धात जर्मनीचा पराभव झाला, कैसर पळाला, आणि १९१९ साली वायमार या गावी भरलेल्या सभेने नवी घटना केली. ही घटना त्या काळच्या मानाने फारच उदार होती. स्त्रियांना मत होते, संघटनेचे स्वातंत्र्य होते. हूगो प्रॉइस नावाच्या कायदेपंडिताने तिचा मसुदा केला. हुकूमशाही आणावी असे ती करणाऱ्यांच्या मनात स्वप्नातही नव्हते. परंतु देशात रोज कोठे ना कोठे गोळीबार चालू होता. एकीकडे जुन्या लष्करी अधिकाऱ्यांचे कट, दुसरीकडे बंडे. म्हणून त्यांनी ४८ वे कलम घातले. सार्वजनिक सुरक्षितता व सुव्यवस्था धोक्यात आली तर राष्ट्राध्यक्षाने आवश्यक ते उपाय योजावेत, प्रसंगी सैन्य वापरावे, आणि व्यक्तिस्वातंत्र्य, घराची अभेद्यता, टपालाची गुप्तता, भाषण, सभा, संघटना व मालमत्ता हे सात हक्क तात्पुरते स्थगित करावेत, असे ते कलम. त्याला लगामही होता. केलेला प्रत्येक उपाय राष्ट्राध्यक्षाने लोकसभेस, म्हणजे तेथील राईशस्टागला, ताबडतोब कळवावा आणि तिने मागणी केल्यास तो मागे घ्यावा. शेवटी एक ओळ अशी होती की, यासंबंधीचा तपशील स्वतंत्र कायद्याने ठरवला जाईल.

तो स्वतंत्र कायदा कधीच झाला नाही. गडबडीच्या दिवसांत सवड नव्हती, आणि पुढे स्वस्थतेच्या दिवसांत गरज वाटली नाही. १९२६ साली मसुद्यापर्यंत गोष्ट गेली, पण तोपर्यंत राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत जो बसला होता त्याने हरकत घेतली. अधिकार हाती आल्यावर त्याची मापे कोण लिहून देईल?

पहिला राष्ट्राध्यक्ष होता फ्रीडरिश एबर्ट. याच्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तो आमच्यातला होता. शिंप्याचा मुलगा, धंद्याने जीनगर, म्हणजे घोड्याचे खोगीर आणि चामड्याचे सामान शिवणारा. युनियनच्या कामातून वर चढत तो सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्ष झाला आणि तेथून देशाचा. प्रामाणिक मनुष्य. त्याने १९१९ ते १९२५ या काळात ४८ वे कलम एकशेतीसहून अधिक वेळा वापरले. यांतले काही प्रसंग असे होते की त्याच्या जागी कोणीही तेच केले असते. १९२३ साली चलन इतके घसरले की मजूर पगाराची पुडकी टोपलीतून नेत, रूर प्रदेशात फ्रेंच सैन्य, म्युनिकमध्ये हिटलरचा फसलेला उठाव. लोकराज्य त्या वर्षी टिकले यात या कलमाचाही वाटा आहे, हे कबूल केले पाहिजे. जे टीकाकार एबर्टला सरळ खलनायक करून टाकतात त्यांच्याशी आमचे जमत नाही. त्यांनी कधी संप चालवलेला नसतो.

पण एबर्टच्या हातून आणखीही काही झाले. १९२० च्या मार्चमध्ये काप नावाच्या गृहस्थाने लष्करी तुकड्यांच्या जोरावर बर्लिन ताब्यात घेतले, तेव्हा सरकार राजधानी सोडून गेले आणि लोकराज्य वाचवले ते युनियनांनी. सार्वत्रिक संप झाला. पाणी, दिवे, आगगाड्या सर्व बंद पडले, आणि चारपाच दिवसांत बंडखोरांनी गाशा गुंडाळला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बर्लिनच्या वीज कामगारांनी संप केला, तेव्हा एबर्टने ४८ व्या कलमाखाली वटहुकूम काढला की वीज, पाणी व गॅसच्या कामगारांनी लवादाचा निकाल लागल्यावर तीन दिवस जाईपर्यंत संप करू नये. १९२२ च्या फेब्रुवारीत रेल्वेच्या नोकरवर्गाने संप पुकारला, त्यालाही त्याच कलमाखाली बंदी. मार्चमध्ये ज्या हत्याराने सरकार वाचले ते नोव्हेंबरात ‘सार्वजनिक सुरक्षिततेला धोका’ ठरले. जीनगराच्या मुलखात संप बंदीचा पहिला धडा एका कामगार पुढाऱ्याने घालून दिला, ही गोष्ट आम्हांला वाचताना लागली.

दुसरी गोष्ट १९२३ ची. सॅक्सनी प्रांतात सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट यांचे संयुक्त मंत्रिमंडळ होते, आणि ते कायदेशीर मार्गाने बनलेले होते. त्याच्यापासून धोका आहे असे म्हणून मध्यवर्ती सरकारने ४८ व्या कलमाचाच आधार घेऊन सैन्य पाठवले आणि ते मंत्रिमंडळ खाली खेचले. एबर्टच्या स्वतःच्या पक्षाला हे इतके झोंबले की त्याचे मंत्री मध्यवर्ती मंत्रिमंडळातून बाहेर पडले. प्रांताचे सरकार राष्ट्राध्यक्षाच्या सहीने बडतर्फ होऊ शकते, ही वाट मात्र मळून गेली. ही वाट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. आपल्याला नऊ वर्षांनी पुन्हा तिच्यावरून जायचे आहे.

एबर्ट २८ फेब्रुवारी १९२५ रोजी वारला. त्याच्या जागी निवडून आला हिंडेनबर्ग, कैसरचा जुना सेनापती, वय वर्षे ७७. लोकराज्य त्याला मनापासून कधीच पटले नव्हते. ज्या खुर्चीचे अधिकार एबर्ट हा आपला माणूस आहे म्हणून लोकांनी मोजून पाहिले नव्हते, त्या खुर्चीत आता तो बसला. पहिली पाच वर्षे त्याने कलमाला फारसा हात लावला नाही. लोक म्हणू लागले की भीती उगाचच होती. कोनाड्यात ठेवलेल्या हत्याराबद्दल असे नेहमीच वाटते.

१९२९ च्या अखेरीस जागतिक मंदी आली. बेकारांना भत्ता देण्यासाठी मालक आणि कामगार यांनी किती वर्गणी भरावी, या प्रश्नावर १९३० च्या मार्चमध्ये संयुक्त सरकार कोसळले. हिंडेनबर्गने ब्रूनिंग यास पंतप्रधान केले. याच्यापाशी बहुमत नव्हते. जुलैत त्याचे आर्थिक विधेयक लोकसभेने फेटाळले, तेव्हा त्याने तेच विधेयक ४८ व्या कलमाखाली वटहुकूम म्हणून काढले. दोन दिवसांनी लोकसभेने घटनेने दिलेला लगाम ओढला आणि २३६ मतांनी वटहुकूम मागे घ्या असा ठराव केला. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षाने लोकसभाच बरखास्त केली, आणि आठवड्याभराने वटहुकूम थोड्या फरकाने पुन्हा जारी केला.

येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण सगळी मख्खी येथे आहे. अधिकार एका कलमात, त्याचा लगाम त्याच कलमात, आणि लोकसभा बरखास्त करण्याचा अधिकार २५ व्या कलमात. प्रत्येक कलम स्वतंत्रपणे वाचले तर शहाणपणाचे वाटते. परंतु दोन्ही अधिकार एकाच माणसाच्या हाती असल्यामुळे, लगाम ओढणाऱ्याचा हातच कापता येत होता. आमच्या ठरावातही हेच होते. सरचिटणिसाने खर्च केला तर सभासदांनी हिशेब विचारावा हे खरे, पण सभासदाला काढण्याचा अधिकारही त्याच सरचिटणिसाकडे! घटना लिहिणाऱ्या विद्वानांच्या हातून जे निसटले ते आमच्याही हातून निसटले याचे आम्हांला समाधान वाटते असे मात्र नव्हे.

सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या. आता सोशल डेमोक्रॅट मोठ्या पेचात सापडले. ब्रूनिंगचे वटहुकूम मोडून काढावेत, तर पुन्हा बरखास्ती, पुन्हा निवडणूक, आणि नाझी आणखी वाढणार. म्हणून त्यांनी ते ‘सहन’ करायचे ठरवले. मग वटहुकुमांनी पगार कापले, भत्ते कापले. डिसेंबर १९३१ च्या एका वटहुकुमाने युनियनांनी करारांनी मिळवलेले पगार सरसकट १९२७ च्या जानेवारीच्या पातळीवर खाली आणले. पाच वर्षांच्या वाटाघाटी, संप, लवाद हे सारे एका सहीत गेले. ही आर्थिक बाब ‘सार्वजनिक सुरक्षितते’त कशी बसते असे विचारण्याची सोय राहिली नव्हती, कारण एबर्टच्या काळातच १९२३ च्या चलनसंकटात आर्थिक वटहुकूम निघाले होते आणि कायदेपंडितांनी ते योग्य ठरवले होते. १९३० साली लोकसभेने ९८ कायदे केले आणि असे वटहुकूम ५ निघाले. १९३१ साली कायदे ३४, वटहुकूम ४४. १९३२ साली कायदे अवघे ५, आणि वटहुकूम साठीच्या घरात. लोकसभेची इमारत होती, सभासदांना भत्ते मिळत होते, पण राज्य दुसरीकडूनच चालले होते. आणि हे सर्व हिटलर येण्यापूर्वी. लोकांना मतपेटीचा काही उपयोग नाही असे वाटू लागले, तर त्याचा दोष त्यांना कसा द्यावा?

१९३२ च्या मेअखेर ब्रूनिंग गेला, पापेन आला. त्याच्यामागे तर जवळजवळ कोणीच नव्हते. २० जुलै १९३२ रोजी पापेनने प्रशियाचे सरकार बडतर्फ केले. प्रशिया म्हणजे लहानसहान प्रांत नव्हे, तर देशाच्या पाचातले तीन हिस्से. मंत्रिमंडळ सोशल डेमोक्रॅटांच्या नेतृत्वाखालचे, आणि हाताशी मोठे, शिस्तबद्ध पोलीस दल. लोकराज्याचा तो शेवटचा बुरूज होता. आधार कोणता? कलम ४८. दाखला कोणता? सॅक्सनी, १९२३.

त्या दिवशी बर्लिनमध्ये युनियनच्या पुढाऱ्यांपुढे एकच प्रश्न होता की, १९२० सारखा सार्वत्रिक संप करायचा काय? त्यांनी नको म्हटले. पुष्कळ लेखकांनी त्यांना भित्रे म्हटले आहे. आमच्याने तसे म्हणवत नाही. साठ लाखांच्या आसपास माणसे बेकार होती. दर संपकऱ्यामागे त्याची जागा घ्यायला दाराशी भुकेले लोक उभे. त्यांत पुष्कळ जण नाझींच्या खाकी कपड्यांत. अशा वेळी फाटकावर उभे राहून ‘उद्यापासून बंद’ असे सांगणे म्हणजे काय ते ज्याने सांगितले आहे त्यालाच ठाऊक. त्यांनी न्यायालयाचा रस्ता धरला. ऑक्टोबरात निकाल लागला. तो अर्धा इकडे, अर्धा तिकडे. मंत्र्यांना नावापुरता मान मिळाला, पोलीस मात्र परत मिळाले नाहीत. पण या प्रश्नाला उशीर १९३२ साली झाला नव्हता, तो १९२३ सालीच झाला होता, असे आमचे मत आहे. पहिल्या वेळी ज्या पुढाऱ्यांनी सॅक्सनीला ‘ते तर कम्युनिस्टांचे साथीदार’ म्हणून सोडून दिले, त्यांना दुसऱ्या वेळी स्वतःसाठी ओरडायला तोंड उरले नव्हते.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर पंतप्रधान झाला. त्याच्या मंत्रिमंडळात नाझी अगदी थोडे होते, पण प्रशियाचे गृहखाते गोअरिंगकडे गेले. पापेनने सहा महिन्यांपूर्वी ते रिकामे करून ठेवलेच होते. गोअरिंगने पक्षाच्या सैनिकांतून ५०,००० जणांना दंडपट्ट्या बांधून मदतनीस पोलीस केले. २७ फेब्रुवारीच्या रात्री राईशस्टागच्या इमारतीला आग लागली. दुसऱ्या दिवशी हिंडेनबर्गने सही केली. वर लिहिलेले सातही हक्क स्थगित, ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’. आधार पुन्हा ४८ वे कलम. तारीख २८ फेब्रुवारी, एबर्टला जाऊन बरोबर आठ वर्षे झाली होती. ती पुढील सूचना १९४५ साली राज्य बुडेपर्यंत मिळाली नाही.

पुढचे सर्वांना माहीत आहे, म्हणून झपाट्याने सांगतो. २३ मार्च रोजी लोकसभेने सर्व कायदे करण्याचा अधिकार मंत्रिमंडळाला देऊन टाकला. कम्युनिस्ट सभासदांना आधीच दूर ठेवले होते. विरुद्ध मते पडली ती ९४, सगळी सोशल डेमोक्रॅटांची, आणि बाहेर नाझी सैनिकांच्या रांगा उभ्या असताना ऑटो वेल्सने विरोधाचे भाषण केले. मग मे महिना उजाडला. १ मे ही भरपगारी राष्ट्रीय सुटी म्हणून सरकारने जाहीर केली. कामगार चाळीस वर्षे मागत होते ती सुटी! युनियनच्या वरिष्ठांनी सभासदांना सरकारी मिरवणुकीत जाण्याचा सल्ला दिला. त्यांना वाटले, नमते घेतले तर संघटना वाचेल. २ मे रोजी सकाळी देशभर युनियनच्या कचेऱ्यांवर छापे पडले, पुढारी धरले गेले, बँकेतला निधी जप्त झाला. अर्ध्या शतकाची वर्गणी एका सकाळीत गेली.

या जागी काही श्रोते म्हणतील की, कलम नसते तरी हिटलरने हेच केले असते. कदाचित. परंतु त्याला निदान कुलूप फोडावे लागले असते. कुलूप फोडताना आवाज होतो, शेजारी जागे होतात, पोलिसाला ठरवावे लागते की आपण कोणाच्या बाजूचे. किल्ली लावून आत आलेल्या माणसाला कोण अडवणार? १९३३ साली लाखो सरकारी नोकरांनी हुकूम पाळले ते सर्व नाझी होते म्हणून नव्हे. कागदावर राष्ट्राध्यक्षाची सही होती, वर कलमाचा आकडा होता, आणि असे कागद ते चौदा वर्षे पाहत आले होते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या घटनासमितीत हे सर्व कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. १९४९ च्या ऑगस्टमध्ये आणीबाणीच्या कलमांवर चर्चा चालू असता हरी विष्णु कामथ यांनी वायमारचे आणि हिटलरचे नाव घेऊन सभागृहाला स्पष्ट बजावले होते. त्यांचे फारसे कोणी मनावर घेतले नाही, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. समोर नेहरू होते, पटेल होते. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. ही माणसे अधिकाराचा गैरवापर करतील असे कोणाला वाटणार? एबर्टविषयीही जर्मन कामगारांना तसेच वाटले होते.

१९५० साली प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा झाला, तो एका वर्षापुरता. वाढवत वाढवत तो १९६९ च्या अखेरपर्यंत चालला. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनच्या आक्रमणामुळे आणीबाणी जाहीर झाली. लढाई महिन्याभरात थांबली. आणीबाणी उठली १९६८ च्या जानेवारीत. ३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानशी युद्ध सुरू झाल्यावर पुन्हा जाहीर झाली. युद्ध दोन आठवड्यांत संपले, आणीबाणी मात्र तशीच राहिली. कोणाच्या वाईटावर होती? कोणाच्याच नाही. कोनाड्यात होती. मग १९७४ च्या मेमध्ये रेल्वेच्या सुमारे सतरा लाख कामगारांचा संप आला. पाकिस्तानविरुद्ध म्हणून घेतलेले भारत संरक्षण नियम आणि १९७१ चा ‘मिसा’ ही दोन्ही हत्यारे लाइनमन, फायरमन आणि गार्ड यांच्यावर चालली. जॉर्ज फर्नांडिस यांना संप सुरू होण्यापूर्वीच, २ मे रोजी धरले. होय, २ मे. तारखेचा हा योगायोग आहे, आम्ही त्यातून काही काढत नाही. हजारो तुरुंगात गेले. रेल्वेच्या वसाहतींतून बायकामुले बाहेर काढली गेली. अनेक सुशिक्षितांनी तेव्हा सुटकेचा निश्वास टाकला की गाड्या वेळेवर धावू लागल्या. त्याच ‘मिसा’ने पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये त्यांच्याही दारावर थाप मारली.

या कथेत पक्ष पाहू नये. ‘मिसा’खाली तुरुंग भोगलेले कित्येक जण २००२ साली ‘पोटा’ करणाऱ्या सरकारात होते. त्या कायद्याला पाठिंबा देणारे तमिळनाडूचे खासदार वायको त्याच वर्षीच्या जुलैत त्याच कायद्याखाली पकडले गेले आणि दीड वर्षाहून अधिक काळ आत राहिले. २००४ साली नव्या सरकारने ‘पोटा’ रद्द केला, पण त्यातले पुष्कळसे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात उतरवून ठेवले. २००८ साली त्यात भर घातली. पुढे सरकार बदलले, आणि २०१९ साली नव्या सरकारने आणखी भर घातली. सासूने घासून ठेवलेले भांडे सून टाकून देत नाही. राज्यातल्या ‘मेस्मा’चेही तेच. विरोधी बाकावर असताना ज्यांनी त्याला काळा कायदा म्हटले ते सत्तेवर आल्यावर त्याचा रंग विसरतात. आम्ही या बाबतीत सर्वच पक्षांच्या मंत्र्यांपुढे बसून चहा घेतलेला आहे.

वटहुकुमांचे प्रकरण तर याहून गमतीचे, आणि त्यात आपल्या पुण्याला श्रेय आहे. येथील गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील एक संशोधक, डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रे पानोपान चाळली आणि दाखवून दिले की १९६७ ते १९८१ या काळात तेथील राज्यपालांनी २५६ वटहुकूम काढले. विधिमंडळापुढे न नेता ते पुन्हा पुन्हा जारी करून काही तर १४ वर्षांपर्यंत जिवंत ठेवले. त्या चौदा वर्षांत किती मुख्यमंत्री आले आणि गेले! परंतु वटहुकुमांची ती बैठक एकाने दुसऱ्याच्या हाती जशीच्या तशी दिली. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८६ च्या डिसेंबरात न्यायालयाने हा घटनेशी केलेला कपट आहे असे ठरवले. एक माणूस, ग्रंथालय, आणि चिकाटी. आम्ही हे उदाहरण युनियनच्या अभ्यासवर्गात नेहमी देतो.

आमच्या ठरावाचे काय झाले ते सांगायचे राहिले. तो रद्द करायला सहा वर्षे लागली. कराराने गेलेली दोन खाती परत आली नाहीत. आता कोणालाही जादा अधिकार द्यायचे, तर ठरावातच तारीख घालतो. त्या तारखेला सभा झाली नाही तर अधिकार आपोआप संपतो, आणि सभासदाला काढण्याचा अधिकार कधीच एका माणसाकडे देत नाही. गेल्या वर्षी एका तरुण सभासदाने नव्या सरचिटणिसासाठी पुन्हा सर्वाधिकाराचा ठराव आणला. आम्ही त्याला म्हटले की, ‘बाबा, सरचिटणिसाच्या नावाच्या जागी ज्या माणसाचा तुला सर्वांत जास्त राग आहे त्याचे नाव घाल, आणि ठराव पुन्हा वाच.’ त्याने वाचला, हसला आणि कागद खिशात घातला. तो आमच्यावर रागावला असावा, कारण दोन महिने चहाला आला नाही.

जर्मनांनी पुढे आपली घटना पुन्हा लिहिली, तेव्हा राष्ट्राध्यक्षाचे दात काढून ठेवले. १९६८ साली आणीबाणीची कलमे पुन्हा घालण्याची वेळ आली, तेव्हा विद्यार्थी आणि युनियन रस्त्यावर उतरले. कलमे झाली, पण नवव्या कलमात एक वाक्य घालून घेतले की, वेतन व कामाच्या परिस्थितीसाठी चाललेल्या लढ्याविरुद्ध आणीबाणीचे उपाय वापरता येणार नाहीत. १९२२ चे रेल्वेवाले त्या वाक्यात आहेत.

आपल्याकडेही १९७५ चा अनुभव घेतल्यावर १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती झाली. तिने पुष्कळ चांगले केले. ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द काढून ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले. जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही असे ठरवले. तिच्याच तिसऱ्या कलमाने प्रतिबंधक स्थानबद्धतेची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणली आणि सल्लागार मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीवर सोपवली. फक्त, कोणते कलम केव्हापासून लागू करायचे ती तारीख केंद्र सरकारने अधिसूचना काढून ठरवावी असे होते. बाकीची कलमे १९७९ साली लागू झाली. तिसरे राहिले. १९८० साली राष्ट्रीय सुरक्षेचा वटहुकूम निघाला, त्याखाली धनबादचे खाणकामगारांचे पुढारी व खासदार ए. के. रॉय स्थानबद्ध झाले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि अन्य गोष्टींबरोबर त्यांनी हेही विचारले की, संसदेने केलेली दुरुस्ती सरकार किती दिवस दाबून ठेवू शकते? १९८१ च्या डिसेंबरात पाच न्यायमूर्तींपैकी बहुमताने सांगितले की अधिसूचना काढा असा हुकूम न्यायालय सरकारला देऊ शकत नाही. दोघांचे मत वेगळे पडले. त्यानंतर दिल्लीत काँग्रेसची सरकारे आली, जनता दलाचे आले, संयुक्त आघाडीचे आले, भारतीय जनता पक्षाची आली. ती अधिसूचना अजून निघालेली नाही.